शहाजोग

आमच्या घरात 'शहाजोग' ही शिवी आहे. मुलाच्या ओठावर साय दिसत असते आणि तो मांजराकडे बोट दाखवत असतो, तेव्हा सासूबाई म्हणतात, "बघा कसा शहाजोग!" माहेरी निलंग्यालाही मी हाच अर्थ ऐकत मोठी झाले. वरून साळसूद, आतून बेरकी.

त्यामुळे मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकदा त्यांच्या आजोबांची चोपडी उघडून मोडीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि "हे वाच, शहाजोग" म्हणाले, तेव्हा मला आधी हसूच आलं. ती हुंडीची नोंद होती. तेव्हा लातूर निजामाच्या राज्यात, व्यवहार हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात, सोलापूरकडचा माल घ्यायचा तर इंग्रजांचा कलदार रुपया लागायचा, आणि मोठी रक्कम कुणी कमरेला बांधून नेत नसे. हुंडी लिहायची, म्हणजे तिकडच्या पेढीनं पैसे द्यावेत अशी चिठ्ठी. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे. जोखमी हुंडी मालाशी बांधलेली, माल सुखरूप पोचला तरच पैसे. आणि शहाजोग हुंडीचे पैसे फक्त 'शहा'लाच, म्हणजे ज्याला अख्खी पेठ ओळखते अशा व्यापाऱ्याच्याच हाती द्यायचे. आणणारा कोण, कुणाचा, हे विचारल्याशिवाय पेढीवरून दमडी हलत नसे. हुंडी पुढे खोटी किंवा चोरीची निघाली, तर ज्या शहानं पैसे उचलले त्यानं ते परत करायचे.

पेठेतला सर्वांत भरवशाचा माणूस ज्या शब्दानं ओळखला जायचा, तो शब्द शिवी कधी झाला कुणास ठाऊक. माझ्यापुरता त्या शिवीचा डंख कधी बसला, ते मात्र मी सांगू शकते. २०१९ च्या पावसाळ्यात.

आमची डाळमिल लहान आहे. तूर येते, तेलपाणी लागतं, वाळते, फुटते, फटका डाळ वेगळी निघते, चुनी पेंडीवाला नेतो. मी बी.कॉम. होऊन या घरात आले तेव्हा ऑफिस म्हणजे एक टेबल, एक गादी आणि एक संगणक होता. त्या संगणकाला कुणी हात लावायचं नाही, कारण लावला की बंद पडतो अशी समजूत होती. तो माझ्याकडे आला आणि हळूहळू जीएसटी, बँक, मेल सगळंच माझ्याकडे आलं. हे, म्हणजे माझे यजमान, मशीन बघायचे, मामा माल बघायचे.

मामांचं माल बघणं बघण्यासारखं असतं. आडतीत सौदा सुरू असताना ते ढिगाच्या वरची तूर कधीच उचलत नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालतात आणि मूठ बाहेर काढतात. तळहातावर पसरून फुंकर मारतात, दोन दाणे दाढेखाली फोडतात आणि आवाजावरून ओल सांगतात. आफ्रिकेची गजरी तूर, अरुषा, बर्माची लेमन, आपली लाल, सगळ्या जाती ते डोळे मिटून सांगतील असं हमाल म्हणतात. थोडी अतिशयोक्ती असेल. पण पोत्याच्या तोंडाशी चांगला माल आणि पोटात खडे, या जुन्या खोडीला मामा आजवर फसलेले नाहीत.

डाळीतला काळा दाणा, टरफल राहिलेला दाणा वेचायला आम्हाला सॉर्टेक्स मशीन घ्यायचं होतं. वरून डाळ घसरत येते, कॅमेरे प्रत्येक दाण्याचा फोटो घेतात आणि रंग चुकला की हवेचा एक झोत त्या एकट्या दाण्याला बाजूला उडवतो. चीनमधलं हेफेई शहर या मशीनांचं गाव आहे, आपल्याकडे जालना जसं बियाण्यांचं. ओळखीच्या दोन मिलवाल्यांनी तिथूनच आणलेलं होतं. तिथल्या एका कंपनीशी बोलणं ठरलं. किंमत २२,००० डॉलर. ३० टक्के आगाऊ, म्हणजे ६,६००. उरलेले १५,४०० माल जहाजावर चढून बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाज कंपनीच्या पावतीची, प्रत आली की. यंत्रांच्या धंद्यात ही रीत सर्रास आहे.

पलीकडची मुलगी गोड होती. चिनी विक्रेते आपल्यासारख्यांसाठी एक सोपं इंग्रजी नाव घेतात, तसं तिनंही घेतलेलं. माझं इंग्रजी लातूरचं, तिचं हेफेईचं, त्यामुळे दोघींना एकमेकींचं नीट कळायचं. एका मेलमध्ये मी उत्तराला उशीर झाला म्हणून लिहिलं, की मुलाला ताप आहे, दोन दिवस दवाखान्यात होते.

आठवड्यानं मेल आला. माल चढला, बिल ऑफ लेडिंगची प्रत सोबत, मशीनचा नंबर बरोबर, कंटेनरचा नंबर बरोबर. आमच्या नेहमीच्या खात्याचं ऑडिट सुरू आहे, कृपया उरलेली रक्कम खालच्या खात्यात पाठवा. आणि शेवटी एक ओळ: तुमच्या मुलाचा ताप उतरला का?

त्या ओळीनं मी गेले.

आजही लोक मला विचारतात, खातं बदललंय म्हटल्यावर तुला काहीच वाटलं नाही का? वाटलं होतं. पण ज्या बाईला माझ्या मुलाचा ताप आठवतो, तिला "तू खरंच तूच आहेस ना?" असं कसं विचारायचं? शिवाय बोलायचं म्हणजे इंग्रजीत बोलायचं. मेलमध्ये शब्द शोधायला वेळ मिळतो, फोनवर त-त-प-प होतं. वीचॅटवर तिचा नंबर होता. तेव्हा त्या अ‍ॅपवर आपल्याकडे बंदी आलेली नव्हती, ती पुढच्या वर्षी जूनमध्ये आली. फोन टेबलावर, चार्जिंगला लावलेला होता. मी फॉर्म भरला, यांनी सही केली, बँकेनं पैसे पाठवले. त्या वेळच्या भावानं पावणेअकरा लाखांच्या आसपास.

सहाव्या दिवशी वीचॅटवर तिचा निरोप आला. उरलेली रक्कम कधी पाठवताय?

नंतर आमच्या संगणकवाल्या पोरानं दोन्ही मेल शेजारी शेजारी मोठे करून दाखवले. कंपनीच्या पत्त्यात इंग्रजी 'एम' होता. खोट्या पत्त्यात त्या जागी 'आर' आणि 'एन' एकमेकांना चिकटून उभे होते. लहान अक्षरांत लिहिलं की दोन्ही सारखेच दिसतात. चष्मा लावून बघितलं तरी कळत नाही, कळतं ते आधीच माहीत असेल तर. त्या पोरानं आमच्या मेलच्या सेटिंगमध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. कुणीतरी शिरून नियम लावून ठेवला होता, की 'इनव्हॉइस' शब्द असलेला प्रत्येक मेल गुपचूप एका अनोळखी पत्त्यावरही जावा. आमचा पासवर्ड मिलचा फोन नंबर होता. तो बाहेरच्या पाटीवर फूटभर आकड्यांत रंगवलेला आहे.

म्हणजे तो माणूस कितीतरी दिवस आमच्या दोघींच्या मध्ये बसून वाचत होता. तापही त्यानं तिथेच वाचला.

कंपनी खरी होती, मशीन खरं होतं, कंटेनर खरोखरच समुद्रात होता. फसवायला पुरवठादार खोटा असावा लागतो असं मला तोवर वाटायचं.

पुढची धावपळ लांबवत नाही. आपल्या बँकेनं स्विफ्टवरून, म्हणजे जगभरच्या बँका एकमेकींना निरोप पाठवतात त्या यंत्रणेवरून, पैसे परत मागितले. तिकडच्या बँकेचं उत्तर आलं, की खात्यात शिल्लक नाही. सायबर पोलिसांनी तक्रार घेतली, सहानुभूतीनं घेतली, आणि आजतागायत ती तिथेच आहे. आता १९३० हा नंबर आहे, पहिल्या काही तासांत फोन केला तर देशातल्या खात्यांतली रक्कम अडवता येते. आम्हाला कळलं तेव्हा सहा दिवस उलटले होते आणि पैसे सातासमुद्रापार होते. कंपनी म्हणाली, आम्हाला पैसे मिळालेले नाहीत, मूळ कागद सोडणार नाही. तिचं चुकलं असं मी आजही म्हणू शकत नाही. कंटेनर न्हावाशेव्याला उतरला, फुकटचे दिवस संपले, रोजचं भाडं चढायला लागलं, आणि आम्ही सीसीमधून, म्हणजे बँकेच्या कर्जखात्यातून, उचल करून तेच पैसे दुसऱ्यांदा भरले.

याचं एक शेपूट फारसं कुणाला माहीत नसतं. परदेशात आयातीसाठी गेलेल्या प्रत्येक डॉलरपुढे रिझर्व्ह बँकेच्या नोंदीत माल आल्याचा पुरावा, म्हणजे बिल ऑफ एंट्री, लागतो. आमचा माल एक, पैसे दोनदा गेलेले. एक नोंद मिटली, दुसरी उघडीच. चोरानं नेलेल्या पैशांचा माल कुठे आहे, असं बँक मला पत्र पाठवून विचारत राहिली. पोलिसांच्या कागदाच्या प्रती जोडून जोडून माझा अर्धा गठ्ठा कागद संपला.

मामा त्या दिवसांत काहीच बोलले नाहीत. त्याचाच जास्त त्रास होत होता. एका संध्याकाळी, मिल बंद झाल्यावर, गादीवर बसून सुपारी कातरता कातरता म्हणाले, "हंडरगुळीच्या बाजारात बैल घ्यायला गेलं तर आपण काय करतो?"

मी म्हटलं, "दात बघतो."

"चार दाती हाय का सहा दाती, जबडा उघडून बघतो. चालवून बघतो. शेपूट वढून बघतो. देवणी असला तरी बघतो. मालक वळखीचा असला तरी बघतो. बैलाला राग येतो का?"

"नाही."

"मालकाला?"

मी काही बोलले नाही. तेही परत सुपारीकडे वळले.

'भीड भिकेची बहीण' म्हणतात. ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती, पाचपैकी पाच गुण मिळाले होते. त्या पेठेत उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवणारे दलाल आहेत, वाजवल्याशिवाय नाणं न घेणारी म्हातारी आहे, आणि तिथलीच मी एका मेलला, नुसत्या अक्षरांना, लाजले. मालाची पारख आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे. कागदाची नाही. कागद इंग्रजीत असला, त्यावर शिक्का असला, की आपली मान आपोआप झुकते.

मग मी कागद शिकायला लागले, सुडानंच म्हणा. एखादी बाई जशी फसलेल्या पाककृतीच्या मागे लागते तशी.

बँकेच्या स्विफ्ट कोडमधली पाचवी-सहावी अक्षरं देशाची असतात. चीनचं खातं असेल तर तिथे 'सीएन' हवं. माझ्या त्या फॉर्मवर 'पीएल' होतं, म्हणजे पोलंड. मी स्वतःच्या हातानं ते टाइप केलं होतं! आणि खातेदाराच्या जागी मी चिनी कंपनीचंच नाव लिहिलं होतं. तरी पैसे जमा झाले, कारण परदेशी पैसे बहुतेक वेळा खातेनंबरावर जातात, नाव कुणी ताडून बघत नाही. आपल्याकडे आरटीजीएस-एनईएफटी करताना पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसायची सोय २०२५ साली आली, पण ती देशातल्या देशात. मामांच्या आजोबांच्या पेढीवर जे विचारलं जायचं, आणणारा कोण, कुणाचा, ते या एवढ्या मोठ्या यंत्रणेत कुणी विचारलं नव्हतं.

कंटेनरच्या नंबरानं मला सगळ्यात आनंद दिला. चार अक्षरं, सात आकडे. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून निघतो. अक्षरांना ठरलेले आकडे द्यायचे, प्रत्येकाला दुपटीनं वाढत जाणाऱ्या संख्येनं गुणायचं, बेरजेला अकरानं भागायचं, उरते ती बाकी. मनानं ठोकून दिलेला नंबर बहुतेक वेळा इथेच गळतो. गळला नाही तर जहाज कंपनीच्या साइटवर टाकायचा, कंटेनर कुठल्या बंदरात आहे ते दिसतं. एकदा आमच्या शेजारच्या मिलवाल्याला उडदाच्या सौद्याचा बिल ऑफ लेडिंग आला होता. नंबर हिशेबात बसला. साइटवर टाकला तर तो कंटेनर दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरात. उडीद यायचे होते यांगूनहून. 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण केली त्या माणसाला ऑनलाइन ट्रॅकिंग माहीत असतं तर भटणीचा मार वाचला असता.

हळूहळू लोक कागद घेऊन माझ्याकडे यायला लागले. फसलेल्या माणसाकडे लोक सल्ल्याला येतात याची मला आधी गंमत वाटायची. एकानं ब्राझीलच्या साखरेची ऑफर आणली. बाजारभावाच्या निम्म्यानं, हजारो टन, दर महिन्याला, सोबत इंग्रजी आद्याक्षरांची नुसती जत्रा. साखर! लातूर जिल्ह्यात, जिथे गाळपाच्या दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे अर्धा तास अडकावं लागतं. त्याला म्हटलं, दादा, निम्म्या भावात ते जगात कुणालाही विकतील, लातूरच्या माणसाला शोधत का येतील? तो नाराज झाला. भाव स्वस्त असला की माणसाला पारख करणारा नको असतो, माझाही अनुभव तोच आहे.

माझा मावसभाऊ जालन्याला एका फर्नेसवर खरेदी बघतो. तिथल्या सळईच्या कारखान्यांना परदेशातून भंगार लागतं. त्यांनी तर एलसी उघडली होती, म्हणजे बँकेची हमी. त्यांना वाटलं, आता काळजी नाही. कंटेनर आले, काट्यावर वजन किलोला किलो जुळलं. दार उघडलं तर पहिले चार फूट लोखंड आणि मागे सिमेंटची ढेकळं आणि माती. तोवर बँकेनं पैसे दिलेले होते, कारण कागद अटींप्रमाणे होते. एलसीच्या जागतिक नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, की बँकेचा व्यवहार कागदांशी, मालाशी नाही. मावसभाऊ म्हणाला, "तपासणीचा दाखला पण होता की." होता. पण भंगाराला तो दाखला सक्तीचा झाला तो २००४ साली गाझियाबादजवळच्या एका कारखान्यात भंगारातल्या तोफगोळ्यांचा स्फोट होऊन दहा माणसं गेल्यानंतर. त्याचा मुख्य रोख स्फोटकं आणि किरणोत्सर्गावर. माल भंगारच आहे असंही त्यावर लिहिलेलं असतं, पण मागची माती त्यानं पकडली नाही. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल, पोटात खडे. मामांची मूठ तिथे पोचणार कशी? ती पोचवायची तर माल भरताना तिथे आपला माणूस हवा. तपासणी करणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा माणूस दिवसाला काहीशे डॉलर घेतो, कंटेनर भरताना उभा राहतो, सील लावून नंबर लिहून घेतो. आणि तो दाखलाही खरा का खोटा हे विचारायचं त्या कंपनीला, तिच्या साइटवरचा नंबर शोधून. दाखल्यावर छापलेल्या नंबरवर फोन केला तर पलीकडे चोराचाच भाऊ "हो हो, आमचाच" म्हणतो.

एक गोष्ट मात्र एलसीच्या बाजूनं सांगायला हवी. तिच्यात पैसे बँकेकडून बँकेकडे जातात, मध्येच कुणी मेल पाठवून खातं बदलू शकत नाही. म्हणजे मावसभावाला तिनं वाचवलं नाही, पण मला वाचवलं असतं. लहान व्यवहाराला तिचा खर्च परवडत नाही, म्हणून आता मी डीपीवर भर देते. मूळ कागद पुरवठादाराच्या बँकेतून आपल्या बँकेत येतात, पैसे भरा आणि कागद घ्या. मामांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे जोखमी हुंडीच की." तशी ती अगदी तीच नाही. पण मी वाद घातला नाही.

नव्या पुरवठादाराला मी व्हिडिओ कॉल लावते. आपले सकाळचे अकरा म्हणजे चीनमध्ये दुपारचा दीड. कॉलवर सांगते, जरा गेटबाहेर जा, पाटी दाखवा, आता पाठीमागचं मशीन सुरू करा. चिनी कंपनीला अठरा अक्षर-आकड्यांचा एक सरकारी कोड असतो, तो परवान्यावर असतो आणि सरकारी साइटवर तपासता येतो. तिथे कंपनी कधी सुरू झाली, काय करायला परवानगी आहे, सगळं चिनीत लिहिलेलं, फोनवर भाषांतर करून वाचते. कारखाना आहे असं सांगणारे निम्मे लोक दलाल निघतात. दलाल असणं गुन्हा नाही, आमची अख्खी आडत दलालांवर चालते. पण दलालानं दलाल म्हणून यावं.

यातलं काहीच अवघड नव्हतं. वीचॅटचा एक कॉल तर त्याहून सोपा होता.

परवा सॉर्टेक्सच्या हवेच्या नळ्या बदलायच्या होत्या. त्याच कंपनीकडून मागवल्या, रक्कम फार नाही, अकराशे डॉलर. ती जुनी मुलगी आता तिथे नाही, दुसरी आली आहे. इनव्हॉइस आला, खातं तेच होतं, स्विफ्टमध्ये 'सीएन' होतं. तरी मी साइटवरचा नंबर लावला आणि माझ्या लातूरच्या इंग्रजीत म्हटलं, बाई, तुमच्या खात्याचे शेवटचे सहा आकडे मला वाचून दाखवा.

मला वाटलं ती चिडेल. ती हसली. म्हणाली, आमच्याकडे आता नियमच आहे, पण एकटी मी वाचणार नाही. मागं आमच्या नावानं कुणीतरी गिऱ्हाइकांना लुबाडलंय. एक आकडा मी म्हणेन, पुढचा तुम्ही म्हणा.

मामा दारात उभे होते. "काय बोलूलालीस एवढं तिच्याशी?"

"दात बघूलालो एकमेकींचे," मी म्हटलं, फोनवर हात ठेवून.

"सेव्हन," पलीकडून आवाज आला.

मी कागदावर बोट ठेवलं आणि पुढचा आकडा म्हटला.